पट्टकादंब उठून गेल्यावर

पहिला नियम असा की पक्ष्यांना उठवायचं नाही. ते आपणहून उठेपर्यंत थांबायचं. जानेवारीतल्या त्या पहाटे आम्ही तिघं पैठणच्या नाथसागराच्या काठावर, सोनवाडीच्या बाजूला, एका बाभळीच्या आडोशाला दीड तास बसून होतो. एक माझा पशुवैद्यक मित्र, एक वनरक्षक आणि मी. अंधारात पट्टकादंब दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते. नाकातून काढल्यासारखा तो जाड आवाज एकानं काढला की पलीकडून दुसरा उत्तर देत होता. उजाडलं तशी चिखलाच्या जिभेवर राखाडी रांग दिसायला लागली. मग पांढऱ्या डोक्यांवरचे दोन-दोन काळे पट्टे दिसले. उन्हं वर आली, थवा उठला, पाण्यावर एक मोठी घिरटी घेऊन पलीकडच्या काठाकडे गेला. त्यानंतर आमचं काम सुरू झालं. काम म्हणजे बर्ड फ्लूच्या तपासणीसाठी त्यांची विष्ठा गोळा करणं.

मंगोलिया, तिबेट, चीनमधलं चिंगहाय सरोवर या भागांत वीण घालणारा हा हंस हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. उपग्रहाशी जोडलेली यंत्रं अंगावर बसवून अभ्यासकांनी त्यांचा माग काढला, तेव्हा काही हंस सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद झाली. इतक्या लांबून आलेल्या पक्ष्याच्या पोटात काय आहे, हे त्याला न पकडता, न दुखावता समजून घ्यायचं असेल तर त्यानं मागं टाकलेलं उचलणं हाच मार्ग.

ताजी विष्ठा ओळखायला शिकावं लागतं. हंसाची विष्ठा करंगळीएवढी, हिरवट, आत गवताचे तंतू, आणि एका टोकाला चुन्याचं बोट लावल्यासारखा पांढरा भाग. वरून चकाकत असेल तर घ्यायची. कड वाळली असेल तर सोडून द्यायची, कारण ऊन आणि कोरडेपणा विषाणूला मारतात. थंड पाण्यात मात्र तोच विषाणू आठवडेच्या आठवडे तग धरतो. मित्रानं गुडघे टेकले. काडीच्या टोकाचा सिंथेटिक धाग्याचा बोळा त्यानं विष्ठेच्या आतल्या ओल्या भागात फिरवला. खालच्या मातीला तो लागू दिला नाही. मग तो कुपीत बुडवून काडी खुणेवर मोडली आणि झाकण फिरवलं. कुपीतला लालसर गुलाबी द्रव म्हणजे व्हीटीएम, विषाणू टिकवून ठेवणारं माध्यम. कोविडच्या काळात घशाचा स्वॅब दिलेल्यांच्या ओळखीचा. कुपीवर नंबर पडला आणि ती बर्फाच्या डब्यात गेली. वहीत जागा, वेळ, जात, थव्यात किती पक्षी होते, हे सगळं मी पेन्सिलनं लिहीत होतो. बर्फाचं पाणी लागलं की शाईची अक्षरं पसरतात. हातमोजे घातलेल्यानं वहीला हात लावायचा नाही, आणि वही सांभाळणाऱ्यानं कुपीला. हे इतकं काटेकोर का, ते पहिल्या दिवशी मला कळलं नव्हतं. एका नमुन्यातला कण दुसऱ्यात गेला तर पूर्ण सकाळ वाया जाते, आणि खोटा पॉझिटिव्ह आला तर एखाद्या गावच्या कोंबड्या नाहक मरतात.

काठावर जाळं आवरणाऱ्या एका मामांनी विचारलं, “काय येचायलाव सायब?” आम्ही सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, “पाखरं आजारी हायेत का मग?” मित्र म्हणाला, “नाही मामा. नाहीत, म्हणूनच वेचायलोत.”

मला वाटतं, या कामाचं सार त्या उत्तरात आहे. बदकं, हंस यांच्या आतड्यात इन्फ्लुएंझाचे सौम्य विषाणू असतात आणि बऱ्याचदा पक्ष्याला त्यांचा काही त्रासही होत नाही. ते कोंबड्यांच्या गर्दीत शिरले, पिंजऱ्यामागून पिंजऱ्यात फिरले की त्यांतले काही घातक होतात. जगभर पसरलेल्या एच५एन१चा आजचा वंश १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंगमध्ये पाळीव हंसात सापडला. तिथून तो रानपक्ष्यांकडे उलटला. २००५च्या उन्हाळ्यात चिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून अधिक पक्षी मेले, त्यांत सर्वांत जास्त पट्टकादंब होते. २०२०च्या डिसेंबरअखेर हिमाचलच्या पोंग जलाशयावर पुन्हा तेच हंस हजारोंनी मेले. म्हणजे ज्याला आपण रोग आणणारा पाहुणा म्हणतो, तोच आधी बळी पडलेला आहे.

तरी बोट उत्तरेकडे दाखवायची आपली सवय जुनी आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, पाठोपाठ माणसं आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, गोचिडीतून पसरणारा विषाणू शोधला. तो रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद निघाला. मग सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनीच गोचिड्यांसह तो आणला असेल काय, हा प्रश्न पुढे आला. त्याचा तपास लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचं मोठं काम उभारलं, सलीम अलींच्या नेतृत्वाखाली. पक्ष्यांनी तो रोग आणल्याचं सिद्ध झालं नाही. पण भारतातले पक्षी कुठून येतात, कुठं जातात, याचं आपलं बरंचसं ज्ञान त्या रोगाच्या शोधातून हाती आलं. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटजवळच्या सरोवराला ज्यांचं नाव आपल्या शहरानं दिलं, त्या माणसाचा हा वारसा तिथं फिरायला येणाऱ्या किती जणांना माहीत असेल?

महाराष्ट्राला बर्ड फ्लू ऐकून माहीत नाही, भोगून माहीत आहे. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला झाला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या, त्याच दिवसांत बीड जिल्ह्यात कावळे मेले. २०२५च्या सुरुवातीला उदगीरमध्ये पुन्हा कावळे. दर वेळी नमुने आधी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. भोपाळहून अहवाल आल्याशिवाय बर्ड फ्लू जाहीर होत नाही.

मेलेला पक्षी सापडला तर पद्धत वेगळी. तो काठावर फाडायचा नाही. दुहेरी पिशवीत, बर्फात, अख्खा पाठवायचा. पण पाठवण्याआधी त्याच्याकडे नीट बघायचं, कारण प्रत्येक मरण फ्लूचं नसतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर अठरा हजारांहून जास्त पक्षी मेले, तेव्हाही आधी संशय फ्लूवर गेला. कारण निघालं बोट्युलिझम. ऑक्सिजन संपलेल्या गाळात, कुजणाऱ्या देहात एक जिवाणू विष तयार करतो. त्या देहावरच्या अळ्या दुसरा पक्षी खातो, त्याचे पंख लुळे पडतात, मान लटकते आणि तोही पाण्यात बुडून मरतो. त्याच्या देहावर पुन्हा अळ्या. तिथं औषधापेक्षा मेलेले पक्षी वेळेवर उचलणं जास्त कामाचं असतं.

नाथसागराबाबत मला जास्त काळजी तिसऱ्या कारणाची आहे. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. गहू, हरभरा, कांदा. गरीब माणसाचं पोट त्यावर आहे आणि त्याला दोष देऊन भागणार नाही. पण त्या पिकावर फवारलेलं औषध पाऊस किंवा पाटाची वाट पाहत नाही, ते आधीच जलाशयाच्या तळावर पडलेलं असतं. १९८६ साली अभयारण्य झालेलं हे पाणी उथळ आहे, म्हणूनच इथं बदकं येतात. थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच त्याच पाण्यात डुबवून चाळतं. वारकरी त्याच पाण्यातल्या वनस्पती खातो. काळा देह, कपाळावर पांढरा टिळा असा हा पक्षी नाथांच्या पैठणात थव्यानं असावा, याचं मला दर वेळी समाधान वाटतं. विषबाधेचा संशय असेल तर पोटातला ऐवज वेगळ्या प्रयोगशाळेत जावा लागतो, तपासही वेगळा करावा लागतो. फ्लू निगेटिव्ह आला की फाइल बंद करायची, असं होता कामा नये. तेच पाणी नळातून आपल्या शहरातही येतं.

त्या दिवशी दहा वाजेपर्यंत आमच्या चाळीस कुप्या भरल्या. बूट सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात धुतले. मित्राला वाटेत एका पोल्ट्रीवर जायचं होतं, ते त्यानं दुसऱ्या दिवसावर टाकलं. पाण्याकाठचे बूट आणि कपडे घेऊन कोंबड्यांत जायचं नाही, हाही नियमच. पुढे अहवाल आले, सगळे निगेटिव्ह. कोणत्याच वर्तमानपत्रात त्याची बातमी आली नाही, येणारही नव्हती. पण उद्या एखादा पॉझिटिव्ह आला तर तो नवा की जुना, हे या चाळीस कुप्यांशी ताडूनच सांगता येईल. उद्रेक गाजला की तपासण्या वाढतात, बातमी विरली की आईसबॉक्स कपाटात जातो. मला हे चुकीचं वाटतं. खरा अभ्यास काही न घडलेल्या वर्षांतच करायला हवा.

या हिवाळ्यात नाथसागरावर, सलीम अली सरोवरावर किंवा गावच्या पाझर तलावावर मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नका, मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवा. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा वनविभागाला त्याच दिवशी कळवा. दुसऱ्या दिवसापर्यंत कोल्ह्या-कुत्र्यांनी तो ओढून नेलेला असतो, आणि राहिलाच तर उन्हानं त्यातलं तपासण्याजोगं फारसं काही उरलेलं नसतं.