कलांचोला हवी लांब, अंधारी रात्र : हिवाळ्यात घरातील फुलझाडे आणि त्यांच्या रोपांची देवाणघेवाण

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोपवाटिकांमध्ये लाल, केशरी, गुलाबी गुच्छांनी भरलेल्या कलांचोच्या लहान कुंड्या विक्रीला येतात. जाड, रसदार पानांचे हे झाड दीड-दोन महिने फुललेले राहते. फुले संपल्यावरही ते हिरवेगार असते, मात्र पुढच्या हिवाळ्यात त्याला एकही कळी येत नाही. मग खत वाढवले जाते, कुंडी बदलली जाते आणि शेवटी झाड वांझ समजून टाकून दिले जाते. बहुतेक घरांत दोष खताचा नसून हॉलमधील ट्यूबलाइटचा असतो.

शेवंतीची शेती करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पॉलिहाऊसमधील शेवंतीला लवकर कळी धरू नये म्हणून रात्री दिवे लावतात आणि कळी हवी असेल तेव्हा काळ्या कापडाने अंधार करतात. कलांचो आणि पॉइन्सेटिया ही झाडेही त्याच गटातील, म्हणजे लहान दिवसाची. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तंबाखूच्या एका वाणावरील निरीक्षणांतून दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध मांडला. पुढे लक्षात आले की झाड खरे तर रात्र मोजते. पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य उजेड आणि अंधार ओळखते. अंधार सलग आणि पुरेसा लांब मिळाला, तर पानांकडून शेंड्याला कळी धरण्याचा संदेश जातो. मध्यरात्री थोडा वेळ जरी चांगला उजेड पडला, तरी झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र न राहता दोन लहान रात्री होतात.

आपल्याकडे पुण्याच्या अक्षांशावर २१ डिसेंबरला दिवस सुमारे ११ तासांचा आणि रात्र सुमारे १३ तासांची असते. जूनमध्ये हे उलट होते. ऑक्टोबरच्या मध्यापासून रात्र या झाडांना पुरेशी लांब होऊ लागते. त्यामुळे अंगणातील किंवा पडवीतील झाड काहीही न करता डिसेंबर-जानेवारीत फुलते. तेच झाड हॉलमध्ये रात्री ११ पर्यंत दिव्याखाली असेल, तर त्याच्यासाठी तो १६ तासांचा, म्हणजे जूनपेक्षाही मोठा दिवस ठरतो.

अंधार कसा द्यावा

सर्वांत सोपा उपाय म्हणजे जागा बदलणे. संध्याकाळनंतर दिवा न लागणारी खोली, मागची पडवी किंवा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड न पोहोचणारी गॅलरी यांपैकी एक जागा निवडावी. (भारनियमनाने कोणाचे भले होत असेल तर ते कलांचोचे!) अशी जागा नसेल तर कुंडीवर पुठ्ठ्याचे खोके उपडे घालावे. संध्याकाळी ६ वाजता झाकावे आणि सकाळी ८ वाजता काढावे, म्हणजे १४ तास अंधार मिळतो. हा क्रम रोज, न चुकता, सहा आठवडे चालवावा. आठवड्यातून दोन-तीनदा विसर पडला तर मेहनत वाया जाते, कारण मधल्या उजेडाच्या रात्री झाडाला पुन्हा मागे नेतात. दिवसा मात्र त्याला भरपूर उजेड हवा. खोके काढायचे राहून गेले तर अंधार मिळूनही झाड अशक्त होते.

ऑक्टोबर हीटमध्ये बंद खोलीत खोके घालू नये. रात्री उकाडा असेल तर कळी धरण्यास उशीर होतो. खोके हवेशीर जागी ठेवावे. अंधार सुरू केल्यापासून फुले उमलेपर्यंत साधारण १० ते १२ आठवडे लागतात. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यात सुरुवात केल्यास जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत फुले मिळतील. कळ्या स्पष्ट दिसू लागल्या की खोके बंद करून झाड पुन्हा हॉलमध्ये आणायला हरकत नाही.

पॉइन्सेटियालाही हेच लागू आहे. हे झाड मूळ मेक्सिकोचे. त्याच्या ज्या लाल भागाला आपण फूल म्हणतो ती फुलाखालची रंगीत पाने असतात. खरी फुले मधोमध, पिवळसर आणि बारीक असतात. उजेडाच्या बाबतीत ते फार चोखंदळ आहे.

आफ्रिकन व्हायोलेटचे मात्र उलट आहे. टांझानिया-केनियातील डोंगराळ, सावलीच्या जंगलांतले हे लहान झाड रात्र मोजत नाही. त्याला रोज पुरेसा सौम्य उजेड मिळाला की ते वर्षातून केव्हाही फुलते. हॉलमधील जो ट्यूबलाइट कलांचोला अडवतो, तोच ट्यूबलाइट एक फुटावर असेल तर व्हायोलेटला फुलायला मदत करतो. म्हणून ही दोन झाडे एकाच शेल्फवर शेजारी ठेवू नयेत. व्हायोलेटच्या लवदार पानांवर थंड पाणी पडले की डाग पडतात, त्यामुळे त्याला खोलीच्या तापमानाचे पाणी बशीत द्यावे आणि अर्ध्या तासाने उरलेले ओतून टाकावे.

खिडकी आणि पाणी

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २१ डिसेंबरला भर दुपारीही तो पुण्यात क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आत येते. कलांचोची जागा तीच. उन्हाळ्यात त्याच खिडकीत ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात झाड वाळलेले पाहून हिवाळ्यासाठी ती खिडकी नापसंत करू नये. व्हायोलेट पूर्वेच्या खिडकीत बरे राहते.

कलांचो पाण्याअभावी क्वचितच मरते. ते मरते जास्त पाण्याने. बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे, कोरडे लागले तरच पाणी द्यावे. थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा पुरते. काळी माती एकटी कधीच भरू नये, ती पाणी धरून मुळे कुजवते. कोकोपीट, चाळलेले गांडूळखत आणि जाडसर वाळू समप्रमाणात घ्यावी. वाढीच्या काळात १९:१९:१९ हे विद्राव्य खत १ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून दर पंधरा दिवसांनी पुरेसे आहे. फुले उमलल्यावर खत थांबवावे. निफाडसारख्या भागात पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो. तेथे रात्री कुंडी काचेला चिकटून ठेवू नये, कारण १० अंशांखाली कलांचोची पाने खराब होऊ लागतात.

वाणासाठी रोपे

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला प्लॅस्टिकच्या वस्तूंऐवजी रोपे वाण म्हणून देण्याची पद्धत अनेक गावांत रुळली आहे. बचत गटांसाठी कलांचोसारखे सोयीचे रोप दुसरे नाही. मूळ मादागास्करचे हे झाड आपल्या पानफुटीचे सख्खे नातेवाईक. पानफुटीच्या पानाच्या कडेलाच रोपे फुटतात. कलांचोच्या बाबतीत तेवढी चैन नाही, पण काडी सहज लागते.

संक्रांतीला द्यायची असतील तर कार्तिकातच, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत काड्या लावाव्यात. शेंड्याकडील ५ ते ७ सेंटिमीटरची, दोन-तीन पानांच्या जोड्या असलेली काडी स्वच्छ ब्लेडने कापावी. खालची जोडी काढून काडी एक-दोन दिवस सावलीत तशीच ठेवावी, म्हणजे कापलेली जागा सुकते. येथेच अनेकांची गल्लत होते. गुलाबाच्या काडीप्रमाणे हिलाही लगेच ओल्या मातीत खोचतात, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात आणि आठवड्यात काडी काळी पडून कुजते. रसदार झाडाच्या काडीला पिशवीची गरज नसते. दमट माध्यमात दोन सेंटिमीटर खोल लावावी, सावलीत ठेवावी. दोन ते तीन आठवड्यांत मुळे धरतात. हलकेच ओढल्यावर विरोध जाणवला की मुळे आली असे समजावे.

या दिवसांत घेतलेल्या काडीला कधी कधी चिमुकले रोप असतानाच कळी येते. ती खुडून टाकावी. फुललेले वाण देण्याचा मोह समजण्यासारखा आहे, पण चार पानांचे रोप फुलले की त्याची पुढची वाढ खुंटते. फुललेलीच रोपे द्यायची असतील तर जून ते ऑगस्टमध्ये काड्या लावाव्यात. ती ऑक्टोबरपर्यंत भरदार होतात आणि पुढे लांब रात्रींत आपोआप कळ्या धरतात.

व्हायोलेट देठासह एका पानावरून तयार होते. देठ दीड-दोन इंचाचा ठेवून तिरका खोचावा. मात्र पानाच्या बुडाशी नवीन रोप दिसायला दोन महिने किंवा जास्त लागतात, त्यामुळे संक्रांतीसाठी आता उशीर झालेला आहे. पॉइन्सेटियाच्या काड्या हिवाळ्यात घेऊ नयेत. रंग ओसरल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड छाटावे आणि पावसाळ्याच्या तोंडी फुटलेल्या नव्या फांद्यांच्या काड्या घ्याव्यात.

रोपाबरोबर कीड देऊ नका

ओळखीच्या घरातून आलेली कुंडी आपण तपासत नाही आणि पिठ्या ढेकूण नेमका याचाच फायदा घेतो. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये तमिळनाडूत कोइमतूर येथे आणि २०१० मध्ये पुण्यात आढळला. पपईबरोबरच जास्वंदीसारख्या शोभेच्या झाडांवरही तो राहतो. त्याच्या बंदोबस्तासाठी अॅसेरोफॅगस पपई ही परोपजीवी गांधीलमाशी २०१० मध्ये परदेशातून आणून सोडावी लागली. पॉइन्सेटिया हे पांढऱ्या माशीचे आवडते झाड आहे आणि पांढरी माशी टोमॅटोवर लीफ कर्लचा विषाणू पसरवते. ज्यांची पपई, टोमॅटो किंवा मिरची घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांच्या दृष्टीने खिडकीतली कुंडी ही शेताचाच भाग असते.

म्हणून घरात आलेले प्रत्येक रोप तीन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे. दर चार दिवसांनी भिंगाने पानांची खालची बाजू, पानांचे बगल आणि कुंडीचे तळाचे छिद्र पाहावे. कापसासारखे पुंजके दिसल्यास सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावेत. आधी एका पानावर लावून दोन दिवस पाहावे. प्रादुर्भाव जास्त असल्यास ५ टक्के निंबोळी अर्क घराबाहेर नेऊन फवारावा. शेतातील रासायनिक कीटकनाशके घरात वापरू नयेत. पुन्हा पुन्हा कीड दिसत असेल तर झाडाचा मोह सोडून ते पिशवीत बांधून नष्ट करावे. शेणखताच्या खड्ड्यात टाकू नये.

देताना पूर्ण कुंडीपेक्षा मुळे फुटलेली काडी ताज्या माध्यमात लावून द्यावी. जुन्या मातीबरोबर जाणारी कीड-रोगांची बरीच लटांबरे येथेच थांबतात. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात रोपांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम घेतला, तर दाराशीच एक टेबल, दोन भिंगे आणि एक बादली ठेवावी. तपासल्याशिवाय कोणतेही रोप आत जाऊ नये.

गोठ्यापासून दूर

कलांचो आणि पानफुटी या दोन्हींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. गुरे आणि शेळ्यांनी ती खाल्ल्यास विषबाधा होते. फुलोऱ्यात धोका अधिक असतो. छाटलेल्या फांद्या किंवा सुकलेले गुच्छ गव्हाणीजवळ, उकिरड्यावर किंवा शेळ्या चरतात तेथे टाकू नयेत. खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. मुतखड्यावर पानफुटीची पाने खाण्याची घरगुती प्रथा आहे. तशीच पाने समजून कोणी कलांचो तोंडात घालू नये. पॉइन्सेटियाचा पांढरा चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो, छाटणी करताना हातमोजे घालावेत.

वाण देताना रोपाला छोटी चिठ्ठी बांधावी. तीत झाडाचे नाव, काडी लावल्याची तारीख, ‘आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी’, ‘शेळीपासून दूर’ आणि ‘ऑक्टोबरपासून संध्याकाळी दिव्याखाली ठेवू नये’ एवढे लिहावे. यांतील शेवटची ओळ ठळक अक्षरांत लिहावी, कारण वाण घेणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या कुंड्या हॉलमधील टीव्हीशेजारीच जाणार आहेत.