स्वभावाचे माप कितपत खरे?

आदिलाबादच्या बाजारात कापूस आला की आधी ओलावा पाहतात. सीसीआयकडे आठ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढे माल परत. समजा, खरा ओलावा दहा असताना यंत्र दर वेळी चौदाच दाखवते. यंत्र स्थिर आहे, पण माप चुकीचे. स्थिरपणाला मानसशास्त्रात विश्वसनीयता म्हणतात, खरेपणाला वैधता. मुलाच्या करिअरसाठी किंवा मुलीच्या स्थळासाठी स्वभावचाचणीचा कागद हाती आला, की हे दोन्ही प्रश्न विचारावेत.

'अगदी माझ्याबद्दलच लिहिलंय' हा पुरावा धरू नका. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचा अहवाल' म्हणून एकच मजकूर दिला. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले!

मायर्स-ब्रिग्ज चाचणी युंगच्या १९२१ च्या ग्रंथावर उभी आहे. ती माणसांना सोळा खणांत बसवते. पण बहुतेक माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख यांच्या मधेच कुठेतरी असतात. उत्तर जरा हलले की खण बदलतो. काही आठवड्यांनी तीच चाचणी दिल्यावर अनेकांचा खण बदललेला आढळतो. कोस्टा आणि मॅक्रे यांची पंचघटक चाचणी मला अधिक भरवशाची वाटते. तिच्यात २४० विधाने आहेत आणि ती खण न पाडता प्रमाण सांगते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ३६ संस्कृतींच्या तुलनेत तिची मराठी आणि तेलुगू रूपेही होती. आपल्या जिल्ह्याला दोन्ही जवळची.

तरी भाषांतराने सगळे भागत नाही. 'मी माझे मत ठामपणे मांडते' याला एकत्र कुटुंबातली सून 'नाही' म्हणते, तेव्हा ती स्वभाव सांगते की घराची रीत? शिवाय बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ साली दाखवलेला कर्तव्यदक्षता आणि कामगिरी यांचा संबंध खरा असला, तरी माफकच आहे.

आम्हा होमिओपॅथांच्या केंटच्या रेपर्टरीत पहिले प्रकरण मनाचे. 'पल्सेटिला म्हणजे हळवी' ही खूण औषध निवडण्यापुरती. तिच्यावरून सून निवडू नये.

पंचघटक चाचणीचा दुसरा नमुना जवळच्या माणसाने भरायचा असतो. समुपदेशकाकडे तो मागा. मुलाचा कागद आणि मावशीने भरलेला कागद शेजारी ठेवा. फरक पडेल तिथे दोघांनाही विचारा.