जुन्या आडव्या करवतीची पारख आणि धार

ओंडका आडवा कापणाऱ्या लांब करवतीला दोन्ही टोकांना मूठ असते आणि ती दोघे मिळून चालवतात. प्रत्येकाने ती आपल्याकडे फक्त ओढायची. ढकलली की पातळ पाते वाकते. लाकडाचे धागे खोडाच्या लांबीने उभे असतात. त्यामुळे उभ्या कापाच्या करवतीचे दाते पटाशीसारखे असले तरी चालतात, आडव्या करवतीचे मात्र सुरीसारखेच लागतात.

साध्या प्रकारात सगळे दाते त्रिकोणी आणि कापणारे असतात. त्यातून बारीक भुसा पडतो. दुसऱ्या प्रकारात कापणाऱ्या दात्यांच्या दर दोन किंवा चारच्या गटानंतर रेकर नावाचा एक दाता येतो. कापणारे दाते धागे दोन बाजूंनी तोडतात, आणि मधली पट्टी रेकर रंध्यासारखी सोलून बाहेर काढतो.

अशी करवत आज कुठे सापडेल? पुनावळे हे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. शेताच्या बांधावरची झाडे जाऊन तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत. अशा गावातल्या जुन्या घराच्या माळ्यावर एखादी करवत निघालीच, तर तिची वाट भंगाराच्या दुकानाकडे जाते. वजनावर विकण्याआधी तिची पारख व्हायला हवी.

आधी रॉकेल आणि घासदगडाने गंज काढावा. वरवरचा गंज निघून जातो. दात्याच्या टोकाशी खोल खड्डे पडले असतील, तर तिथे धार टिकत नाही. मग पाते टांगून हलकेच ठोकावे: निकोप पोलाद घणघणते, तडा गेलेले बद्द वाजते. दात्यांच्या बेचक्यांत तडे बारकाईने शोधावेत. एखादा दाता तुटला असला तरी करवत चालते. तडा पात्यात खोल गेला असेल तर तिला कामाला लावू नये. शेवटी पात्याच्या दोन्ही अंगांना सरळपट्टी लावून बाक पाहावा. बाक ऐरणीवर हातोडीने, थोडा थोडा काढतात.

धार लावण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रथम सपाट कानस पात्याच्या लांबीने फिरवून कापणाऱ्या सगळ्या दात्यांची टोके एका रेषेत आणतात. प्रत्येक टोकावर चकचकीत ठिपका उमटतो. यानंतर लगेच रेकर घासावे लागतात, कारण त्यांची उंची याच टोकांवरून मोजायची असते. टोके आधी अणकुचीदार केली तर मोजायला आधारच राहत नाही.

करवतीचे खरे मर्म या रेकरमध्ये आहे. तो शेजारच्या कापणाऱ्या दात्यांपेक्षा किंचित खाली हवा: कठीण लाकडासाठी सुमारे 0.2 मिलिमीटर, मऊ लाकडासाठी 0.8 मिलिमीटरपर्यंत. तो उंच राहिला तर न तुटलेले धागे ओरबाडतो आणि सोलपटाच्या कडांना केसाळ तुसे दिसतात. फार खाली गेला तर लाकूड उचललेच जात नाही आणि भुसा पडतो. लांब, स्वच्छ कडांचे सोलपट निघाले की मोजमाप जमले.

मग कापणारे दाते तिरके घासून सुरीची कड आणतात. टोकावरचा ठिपका नाहीसा होताच कानस थांबवायची. शेवटी दात्यांची टोके आळीपाळीने डावी-उजवीकडे फाकवतात, साधारण 0.25 मिलिमीटर. ओल्या, धागेदार लाकडाला जास्त फाक लागते, सुक्या कठीण लाकडाला कमी.

अमेरिकेत 1964 च्या कायद्याने राखीव अरण्यांत यंत्रसाधनांना मनाई झाली, म्हणून तिथल्या वनसेवेत ही विद्या टिकली. तिथल्याच वॉरेन मिलर यांनी तिची पुस्तिकाही लिहिली. आपल्याकडे चेनसॉ आणि सॉ मिल आल्यावर हाताची करवत मागे पडली.

तरी आज धार लावायला साधनांची अडचण नाही. 0.2 मिलिमीटर मोजणारे फीलर गेज भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये रोजच्या वापरातले आहे. दोन कापणाऱ्या टोकांवर सरळपट्टी ठेवून ते रेकरवर सरकवले की फरक कळतो. अडचण घाईची आहे. ग्राइंडरवर दाता निळा पडला की पोलादाचे पाणी उतरते आणि धार राहत नाही. जास्त घासलेला एक रेकर सुधारायला सगळे कापणारे दाते पुन्हा खाली आणावे लागतात, आणि तेवढे करवतीचे आयुष्य घटते. दाता घासला जातो, वाढत नाही. म्हणून ज्याच्या हाती अशी करवत येईल, त्याने पारख पुरी झाल्याशिवाय कानस उचलू नये.