आजीव कोण आणि हंगामी कोण?

‘आजीव’ या शब्दाला महाराष्ट्राच्या शिक्षणक्षेत्रात एकेकाळी मोठे वजन होते. 1884 मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. तेथे शिकवणारे प्राध्यापक हेच संस्थेचे ‘आजीव सदस्य’ होते आणि संस्थेचा कारभारही तेच पाहत. या आजीवपणाचा अर्थ मरेपर्यंत खुर्ची असा मात्र नव्हता. अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे ते वचन होते. गोखल्यांनी ते दरमहा पंचाहत्तर रुपयांवर पत्करले होते. टिळकांनी मतभेदांमुळे 1890 मध्ये राजीनामा दिला. गोखले 1902 मध्ये निवृत्त झाले, कर्वे 1914 मध्ये. म्हणजे ज्याने स्वतःला बांधून घेतले त्याच्याच हाती अधिकार, आणि त्या बंधनालाही मुदत, अशी ती व्यवस्था होती.

आज हा शब्द कोणाला लागू आहे? नगर-मनमाड रस्त्यावरील नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांच्या पाळ्या सुटताना प्रस्तुत लेखक रोज पाहतो. त्यांपैकी काही जण त्याचेच माजी विद्यार्थी आहेत. त्यांच्या नोकरीची अनिश्चितता वर्गात ‘श्रमबाजार’ या प्रकरणाखाली शिकवली जाते. परंतु ती शिकवणाराही पुष्कळदा तासिका तत्त्वावर नेमलेला असतो, हे त्या प्रकरणात येत नाही. माझ्या परिचयातील एक प्राध्यापक गेली नऊ वर्षे दर जूनमध्ये नव्याने अर्ज करतात, नव्याने मुलाखत देतात आणि उन्हाळ्याच्या सुटीत बिनपगारी होतात. त्या संस्थेचे दोन विश्वस्त मात्र तहहयात आहेत. ज्याने शिकवावे तो हंगामी आणि ज्याने शिकवू द्यावे तो आजीव, अशी ही उलटापालट झाली आहे.

विश्वस्तपदाला वेतन नसते, ती सेवाच आहे, असे यावर सांगितले जाते. हे खरे मानले तरी प्रश्न सुटत नाही. गावची पिढीजात पाटीलकीही केवळ मिळकतीसाठी कोणी धरून ठेवीत नसे; तिच्यात मान होता आणि ‘नाही’ म्हणण्याची सत्ता होती. 1962 च्या कायद्याने ती गेली. आता पोलीस पाटलाची नेमणूक होते आणि तो साठाव्या वर्षी निवृत्त होतो. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बासष्टाव्या, सर्वोच्च न्यायालयाचे पासष्टाव्या वर्षी पायउतार होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आमरण नेमणूक आहे खरी, पण ती न्यायमूर्तीला सत्ताधाऱ्यांच्या धाकातून मुक्त ठेवण्यासाठी. आमच्या शिक्षणसंस्थांचे विश्वस्त कोणाच्या धाकात आहेत?

येथे एक उदाहरण अर्थशास्त्राच्या शिक्षकाला अडचणीत टाकते, ते धनंजयराव गाडगीळांचे. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते 1930 पासून 1966 पर्यंत संचालक होते. छत्तीस वर्षे! या दीर्घ कारकिर्दीने संस्था कुजली नाही, घडली. तेव्हा दीर्घकाळ पदावर राहणे हाच दोष, असे म्हणता येत नाही. परंतु गाडगीळ त्या संस्थेत रोज काम करीत होते, आणि जिवंतपणी ते पद सोडून गेले. आपल्याच जिल्ह्यात प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच. तेथे पहिला जम बसल्यावर ती जबाबदारी त्यांच्याकडून विठ्ठलराव विखे पाटलांकडे, म्हणजे ऊस पिकवणाऱ्याकडे गेली.

सहकारात निदान दर पाच वर्षांनी मतपेटी येते. तिच्यातून पुष्कळदा तीच आडनावे बाहेर पडतात, हे नगर जिल्ह्यातील वाचकाला सांगायला नको. तरी सभासदाला भाव विचारता येतो. शेजारच्या कारखान्याने किती दिला हे त्याला ठाऊक असते. शिक्षणसंस्थेच्या न्यासात असा सभासदच बहुधा नसतो. विद्यार्थी, पालक, शिक्षक यांपैकी कोणालाही मत नाही. जागा रिकामी झाली की उरलेले विश्वस्त ती भरतात आणि धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज जातो. ग्रंथालयात नवी पुस्तके आली नाहीत, चांगला शिक्षक कंटाळून निघून गेला, याची किंमत ताळेबंदात कोठेच दिसत नाही.

2025 मध्ये राज्य शासनाने वटहुकूम काढून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात दुरुस्ती केली. विश्वस्तपत्रात स्पष्ट तरतूद नसेल तर आजीव विश्वस्त एकूण संख्येच्या एकचतुर्थांशाहून अधिक नसावेत, असे बंधन तीमुळे आले. पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र ‘स्पष्ट तरतूद नसेल तर’ या शब्दांतच पळवाट आहे. ज्यांनी विश्वस्तपत्र लिहितानाच आपली सोय पाहिली, त्यांना हे बंधन कितपत बांधणार? शिवाय उरलेल्या तीनचतुर्थांशांत शिकवणाऱ्यांना एक तरी जागा असावी, असे हा कायदा सांगत नाही. ती मागणी प्राध्यापकांच्या संघटनांनीच करावयास हवी, आणि वेतनश्रेणीच्या मागणीइतक्याच नेटाने.

ते परिचित प्राध्यापक आता दहावा अर्ज लिहीत आहेत. मुलाखतीला समोर कोण बसणार, हे त्यांना आधीच ठाऊक आहे.