वॉर्डातला प्रश्न, टेबलावरचा पेपर

दुपारी तीन ही रुग्णालयाच्या आहार विभागातली त्यातल्या त्यात मोकळी वेळ. जेवणाच्या ट्रॉल्या परत आलेल्या असतात, सकाळचा राउंड आटोपून डाएट शीट किचनला गेलेली असते आणि संध्याकाळच्या चहा-नाश्त्याला अजून अवकाश असतो. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांनी आपल्या जर्नल क्लबसाठी हीच वेळ धरली आहे. महिन्यातले दोन गुरुवार, पाऊण तास, विभागातलं लांबट टेबल. सुरुवातीला त्यांनी सकाळी आठची वेळ ठेवून पाहिली होती. पण त्या वेळी किचनमध्ये कुणी ना कुणी आलेलं नसतं, आयसीयूत रात्री दाखल झालेल्या पेशंटसाठी फोन खणखणत असतो. त्यामुळे तो बेत फार दिवस चालला नाही.

या क्लबाचा जीव एका वहीत आहे. ती टेबलावर कायम पडून असते. राउंडवर कुणालाही शंका आली, की तारीख घालून तिथे लिहायची. ‘डायलिसिसवरच्या पेशंटला रात्री झोपताना काही खायला द्यावं का?’ ‘राइल्स ट्यूबने फीड चालू असताना दर चार तासांनी अ‍ॅस्पिरेट बघायची खरंच गरज आहे का?’ ‘आयसीयूत किडनी बिघडत चाललेल्या पेशंटचं प्रोटीन वाढवायचं की थांबायचं?’ पुढच्या बैठकीचा पेपर या वहीतूनच निघतो. केवळ नवा आहे किंवा गाजतो आहे म्हणून पेपर घ्यायचा नाही, हा इथला पहिला नियम. सुरू होऊन दोन-चार महिन्यांत बंद पडलेले जर्नल क्लब अनेक रुग्णालयांत सापडतात. हा चालू राहिला, त्याचं श्रेय या नियमाला द्यावं लागेल. ज्याने प्रश्न लिहिलेला असतो, तो उत्तर ऐकायला येतोच.

कल्पना तशी जुनी. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकलेले सर्जन जेम्स पॅजेट यांनी आपल्या आठवणींत १८३५ नंतरच्या काळातल्या एका लहानशा खोलीचं वर्णन केलं आहे. रुग्णालयाच्या फाटकाजवळच्या बेकरीच्या वर ती खोली होती आणि काही विद्यार्थी तिथे बसून जर्नल्स वाचत. विल्यम ऑस्लर यांनी १८७५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात क्लब काढला, तो महागडी जर्नल्स वर्गणी करून घेता यावीत म्हणून. आज अडचण वेगळी आहे. पेपर ढिगाने येतात. त्यातला कुठला आपल्या पेशंटच्या कामाचा, हे ठरवायला आणि तो शेवटपर्यंत वाचायला वेळ मिळत नाही.

एका गुरुवारी वहीतला किडनीचा प्रश्न टेबलावर आला. व्हेंटिलेटरवरचा, साठेक किलो वजनाचा पेशंट, क्रिएटिनिन रोज थोडं वाढतंय, आणि ‘प्रोटीन वाढवा’ अशी सूचना फाइलवर. यासाठी निवडलेला पेपर होता ‘एफर्ट प्रोटीन’ या चाचणीचा, २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला. कॅनडाचे डॅरेन हेलँड यांच्या पुढाकाराने १६ देशांतल्या ८५ आयसीयूंमध्ये, व्हेंटिलेटरवरच्या सुमारे १,३०० पेशंटवर ती झाली. एका गटाला रोज दर किलो वजनामागे २.२ ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रोटीन द्यायचं, दुसऱ्याला १.२ ग्रॅम किंवा त्याहून कमी. साठ किलोच्या माणसासाठी हिशेब मांडला तर १३२ ग्रॅम विरुद्ध ७२ ग्रॅम.

पीपीटीला इथे मनाई आहे. स्लाइड आली, की सांगणारा स्लाइड वाचतो आणि ऐकणारे मोबाइल. त्याऐवजी पेपरच्या छापील प्रती वाटल्या जातात आणि पहिलं पान दुमडून मागे घेतलं जातं. सारांश त्याच पानावर असतो आणि निष्कर्ष आधी वाचला की पुढचं सगळं त्याच्या बाजूने दिसू लागतं. पेशंट कोण होते, गट कसे पाडले, कुणाला काय दिलं, किती जण मधेच गळाले, हे आधी. निकाल नंतर. आणि बोलायला सुरुवात सगळ्यात कनिष्ठ व्यक्तीने करायची. मुख्य आहारतज्ज्ञ आधी बोलल्या, की इंटर्न मुली फक्त माना डोलावतात, हे त्यांच्याच लक्षात आलं होतं. हा दुसरा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतलेला आहे.

त्या दिवशी इंटर्नचं बोट एका तक्त्यावर थांबलं. “मॅडम, पण २.२ दिलंच गेलेलं नाहीये. इथे १.६ लिहिलंय.”

खरंच तसं होतं. जास्त प्रोटीनच्या गटाला प्रत्यक्षात सरासरी १.६ ग्रॅम पोचलं होतं आणि दुसऱ्या गटाला ०.९. साठ किलोच्या पेशंटसाठी १३२ ऐवजी ९६ ग्रॅम. “आपल्याकडे तरी कुठे पोचतं?” आयसीयू सांभाळणारी आहारतज्ज्ञ म्हणाली. “सीटीला नेलं की फीड बंद. प्रोसीजर आहे म्हणून एनबीएम, आणि प्रोसीजर पुढे ढकलली तरी फीड सुरू करायला कुणी सांगत नाही.” पाऊण तासातली दहा मिनिटं या फीड बंद राहण्याच्या वेळेवर गेली, आणि ती अजिबात वाया गेली नाहीत. फाइलवर लिहिलेलं प्रोटीन आणि नळीतून गेलेलं प्रोटीन यांतलं अंतर दर आठवड्याला मोजायचं, हे तिथेच ठरलं.

मग निकाल. ६० दिवसांच्या आत रुग्णालयातून जिवंत घरी गेलेले पेशंट जास्त प्रोटीनच्या गटात ४६.१ टक्के, दुसऱ्यात ५०.२. मृत्यू ३४.६ टक्के आणि ३२.१. “म्हणजे जास्त प्रोटीन घातक?” कुणीतरी लगेच विचारलं. इथे कम्युनिटी मेडिसिन विभागातल्या संख्याशास्त्राच्या सरांचा उपयोग झाला. त्यांना आवर्जून बोलावलं जातं. घरी जाण्याच्या गतीचं गुणोत्तर ०.९१ असलं तरी त्याचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.७७ ते १.०७ आहे, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ सांगणारा १ हा आकडा त्याच्या पोटातच आहे, हे त्यांनी फळ्यावर रेघ ओढून दाखवलं. एकूण पेशंटांबद्दल इतकंच म्हणता येतं, की जास्त प्रोटीनचा फायदा दिसला नाही. पण सुरुवातीलाच किडनीला इजा झालेल्या आणि अनेक अवयव निकामी होत असलेल्या पेशंटांत जास्त प्रोटीनने हानी झाल्याचं दिसलं. उपगटातला निष्कर्ष जपून घ्यावा लागतो, हे सर पुन्हा पुन्हा सांगत होते. तरीही वहीत लिहिलेल्या पेशंटसाठी दिशा पुरेशी स्पष्ट होती. किडनीला इजा झाली आहे आणि डायलिसिस सुरू नाही, अशा पेशंटचं प्रोटीन पहिल्या दिवसांत जोर लावून चढवायचं नाही, नेफ्रॉलॉजिस्टशी बोलून ठरवायचं. हा निर्णय प्रश्नाच्या समोर लिहिला गेला, खाली तारीख आणि सह्या.

निर्णयाचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा तिसरा नियम. ‘आहे तेच चालू ठेवू’ हासुद्धा निर्णयच, पण तो लिहायचा.

आयसीयूतल्या पोषणावर अलीकडे इतकं काही उलटसुलट आलं आहे, की वहीशिवाय माणूस गोंधळून जाईल. बेल्जियममधल्या ‘एपॅनिक’ चाचणीत (२०११) शिरेतून पोषण लवकर सुरू केलेल्यांपेक्षा आठव्या दिवसापर्यंत थांबलेल्यांची तब्येत लवकर सुधारली. फ्रान्समधल्या ‘न्यूट्रिरिआ-३’मध्ये (२०२३) तीन हजारांवर पेशंट होते, पहिल्या आठवड्यात एका गटाला दर किलोमागे फक्त ६ कॅलरी, दुसऱ्याला २५. तीन महिन्यांनंतरचे मृत्यू जवळपास सारखे, ४१.३ आणि ४२.८ टक्के, आणि कमी कॅलरीवाले उलट आयसीयूतून एक दिवस आधी हलवण्याजोगे झाले. याच्या शेजारी स्वित्झर्लंडचा ‘एफर्ट’ (२०१९) ठेवला की चित्र पालटतं. साध्या वॉर्डातल्या, कुपोषणाचा धोका असलेल्या दोन हजारांवर पेशंटांना नेमून दिलेला आहार मिळाला, तेव्हा ३० दिवसांतले मृत्यू १० टक्क्यांवरून ७ वर आले. आयसीयूतल्या पहिल्या आठवड्यात आवरतं घ्या, वॉर्डात मात्र प्रत्येक ताटाचा पाठपुरावा करा, असा अर्थ क्लबने लावला. तीन-चार पेपर एकत्र ठेवल्याशिवाय तो हाती लागला नसता.

सगळ्यात रंगलेली बैठक झारखंडच्या ‘रेशन्स’ चाचणीवरची. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या या अभ्यासात चार जिल्ह्यांतल्या क्षयरुग्णांच्या घरच्यांना धान्य दिलं गेलं. मोठ्या माणसाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ, शिवाय सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या. रुग्णांना दोन्ही गटांत आहार मिळत होता. फरक होता तो घरच्यांना धान्य देण्या-न देण्याचा. पेपरात लिहिलं आहे, रोजच्या ७५० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रोटीन. आहारतज्ज्ञांना असा आकडा दिसला की हात शिवशिवतात. एकीने लगेच पाठीमागच्या कोऱ्या पानावर मांडलं: शंभर ग्रॅम तांदळाला ३४५ कॅलरी, म्हणजे ५ किलोला १७,२५०, डाळीला ३३५ प्रमाणे ५,०२५, बेरीज २२,२७५, भागिले ३०, रोजच्या ७४२. प्रोटीन साडेबावीस ग्रॅम. “जुळतंय,” ती म्हणाली, आणि तिथून पुढे त्या पेपरवरचा तिचा विश्वास तिच्या स्वतःच्या हिशेबावर उभा होता.

पुढचा आकडा होता ३९ टक्क्यांचा. धान्य मिळालेल्या घरांत क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. बातम्यांतही तोच गाजला होता. क्लबने तक्ता उघडला. धान्य न मिळालेल्या ४,७२४ जणांपैकी १२२ जणांना क्षय झाला, म्हणजे २.६ टक्के. धान्य मिळालेल्या ५,६२१ जणांपैकी ९६ जणांना, म्हणजे १.७ टक्के. फरक ०.९ चा. शंभराला ०.९ ने भागलं की येतात १११. एक क्षयरोगी टाळायला १११ माणसांना, म्हणजे साधारण ३० घरांना धान्य द्यावं लागेल; पेपरातही हेच आकडे आहेत. ३९ टक्के आणि १११ माणसं, दोन्ही खरं. पहिला आकडा ऐकून उत्साह येतो, दुसरा आकडा घेऊन नियोजन करता येतं. तांदूळ आणि तूरडाळ एवढ्याच बळावर १११ माणसांमागे एक क्षय टळत असेल, तर तो सौदा फार स्वस्त आहे, यावर टेबलाभोवती दुमत नव्हतं.

त्या दिवशीच्या निर्णयाच्या रकान्यात दोन ओळी आहेत. क्षयरुग्णासोबत आलेल्या घरच्यांचंही वजन आणि उंची घ्यायची. आणि निक्षय पोषण योजनेचे पैसे खात्यात येतात का, हे विचारायचं. २०१८ साली महिना ५०० रुपयांवर सुरू झालेली ही मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाली आहे.

पद्धत आधी आणि निष्कर्ष नंतर, या आग्रहाला मोठा आधार आहे तो स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’चा. ऑलिव्ह तेल किंवा सुकामेवा असलेल्या भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, असं सांगणारा हा ७,४४७ जणांचा अभ्यास २०१३ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला आणि जगभर पाठ्यपुस्तकासारखा वापरला गेला. २०१८ साली तो मागे घेऊन नव्या विश्लेषणासह पुन्हा छापावा लागला. काही ठिकाणी चिठ्ठ्या माणसागणिक काढल्याच नव्हत्या; एका घरातल्या सगळ्यांना, एका केंद्रात तर अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला गेला होता. निष्कर्ष बराचसा तोच राहिला, पण त्याची खात्री उतरली.

पैशांचा प्रश्नही येतो. प्रोटीन पावडर आणि फॉर्म्युला फीड विकणाऱ्या कंपन्यांचे एमआर आहार विभागात नेमाने येतात. बैठकीला जेवण देऊ, पेपरही आम्हीच आणतो, असं म्हणतात. इथे चहा-बिस्किटं वर्गणीतून येतात. बाळांच्या दुधाच्या पावडरीबाबत तर कायदाच स्पष्ट आहे: १९९२ चा आयएमएस कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार अशा कंपन्यांनी आरोग्यसेवकांच्या बैठका, परिषदा पुरस्कृत करणं निषिद्ध आहे. तोच दंडक बाकी उत्पादनांनाही लावलेला बरा. पेपर कुठलाही असो, अभ्यासाला पैसा कुणी दिला ही ओळ इथे मोठ्याने वाचली जाते. कंपनीचा पैसा असला म्हणजे अभ्यास खोटा ठरत नाही, पण तुलना कशाशी केली हे मग दोनदा तपासायचं.

नवा क्लब काढायला फार काही लागत नाही. दोन माणसं, एक वही आणि महिन्याला एक पेपर यावर सुरुवात होते. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे २०२५ पासून सरकारी महाविद्यालयांना सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली आहेत. खासगी रुग्णालयांना ती सोय नाही, पण पबमेड सेंट्रलवर मोफत वाचता येण्याजोगे पेपर भरपूर आहेत. नंदुरबार, बीड, गडचिरोलीसारख्या ठिकाणी एकट्याने आहार विभाग सांभाळणाऱ्यांनी क्षयरोग विभागातल्या एका सहकाऱ्याला सोबत घ्यावं आणि पहिला पेपर झारखंडचाच घ्यावा. तो पैसे न भरता वाचता येतो, त्यातलं धान्य आपल्या ओळखीचं आहे आणि त्यातले पेशंट आपल्या ओपीडीत रोज येतात.