विंडोज इन्स्टॉल मध्येच अडकतंय? डिस्क फॉरमॅट करण्याआधी रॅम तपासा



रेवदंड्याला माझ्या काकांकडे २०१९ सालचा डेस्कटॉप आहे. आठव्या पिढीचा कोअर आय-३, ४-४ जीबीच्या दोन रॅम आणि १ टीबीची हार्डडिस्क. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्यावर विंडोज ११ टाकायला बसलो. वाटलं होतं, एका दुपारचं काम. तीन दिवस गेले!

काकांनी आधीच बजावलं होतं, "काय करायचं ते कर, पण डी ड्राइव्हमधले फोटो जायला नकोत." ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात त्यांची सुपारीची वाडी आडवी झाली. ती वाडी उभी असतानाचे फोटो फक्त याच डिस्कमध्ये उरलेत. ज्या फोनमधून काढले, तो फोन कधीच गेला.

त्यामुळे पहिलं काम केलं ते हे: मशीनची वायर काढून जुनी हार्डडिस्क सोडवली आणि कपाटात ठेवली. इन्स्टॉलसाठी २४० जीबीची नवी एसएसडी लावली. तुमच्याकडे एकच डिस्क असेल, तर आधी सगळा डेटा बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. इन्स्टॉलच्या स्क्रीनवर चुकून दुसरंच पार्टिशन डिलीट व्हायला एक क्लिक पुरतं.

पहिला अडथळा: 'हा पीसी चालणार नाही'

सेटअप सुरू होताच मेसेज आला की या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही. घाबरू नका. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि बऱ्याच मशीनमध्ये ते असूनही बंद असतं. बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या मशीनवर 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' चालू करा. आमचं काम तेवढ्यावर झालं. पण इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर तो सहसा अधिकृत यादीत बसत नाही.

दुसरा अडथळा: फाइल खराब असल्याचा एरर

फाइल कॉपी होताना ३७ टक्क्यांवर सगळं थांबलं. एरर कोड ०एक्स८००७०५७०. याचा अर्थ, फाइल खराब आहे आणि वाचता येत नाही. असा एरर आला की लगेच फोनने फोटो काढा. कोड लक्षात राहत नाही आणि रीस्टार्टनंतर तो परत दिसेलच असं नाही.

दुसऱ्यांदा ६२ टक्क्यांवर अडकलं, तिसऱ्यांदा १८ वर. ओळखीच्या एका दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "डिस्क गेली असेल, सगळं फॉरमॅट मारा." पण एसएसडी तर कोरी करकरीत होती!

इथे एक साधी खूण लक्षात ठेवा:

- दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल, तर आधी आयएसओ फाइल आणि पेनड्राइव्हवर संशय घ्या.
- दर वेळी वेगळ्या टक्क्यावर अडकत असेल, तर रॅम, डिस्कची केबल किंवा वीजपुरवठा तपासा.

ही खूण शंभर टक्के पक्की नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

मी कोणत्या क्रमाने तपासलं

१. आयएसओ: फाइल ५ जीबीपेक्षा मोठी असते. हॉटस्पॉटवर डाउनलोड मध्ये तुटलं, तर ती अर्धवट राहू शकते. मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर एसएचए-२५६ चा लांबलचक आकडा असतो. सेव्हन-झिपने आपल्या फाइलचा तोच आकडा काढा. दोन्ही तंतोतंत जुळले पाहिजेत. आमचे जुळले.

२. पेनड्राइव्ह: दुसरा वापरून पाहिला, पोर्टही बदललं. फरक नाही.

३. लाईट: आमच्याकडे लाईट मध्येच लपकते, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर घेतलं. तरी तेच.

४. रॅम: मेमटेस्ट८६+ हा मोफत प्रोग्राम वेगळ्या पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू केलं. (सिक्युअर बूटमुळे तो सुरू झाला नाही, तर तेवढ्यापुरतं ते बंद करा.) दहा मिनिटांत लाल ओळी दिसायला लागल्या. इथे एकसुद्धा एरर चालत नाही.

मग इतके दिवस मशीन चालत कसं होतं?

काकांनी हाच प्रश्न विचारला. रोजच्या वापरात ब्राउझर आणि एखादी फाइल उघडली, तर रॅमच्या खराब भागाला कदाचित हातही लागत नाही. लागला तर मशीन कधीतरी हँग होतं आणि आपण रीस्टार्ट करून विसरतो. इन्स्टॉलच्या वेळी मात्र कित्येक जीबीची दाबून बसवलेली फाइल रॅममध्ये उलगडली जाते आणि तिची तपासणीही होते. एक बिट चुकला तरी सेटअप म्हणतं, फाइल खराब. फाइल चांगली असते, ती जिथे ठेवली ती जागा खराब असते.

उपाय

वायर काढली, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला आणि दोन्ही रॅम बाहेर काढल्या. सोनेरी पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर होता. समुद्रकाठच्या खाऱ्या दमट हवेत धातूचं हेच होतं, आमच्या दाराच्या कड्या बघा. मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवला आणि कण झटकून टाकले. जोरात घासू नका, सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो.

मग एकेक रॅम लावून पुन्हा टेस्ट केली. पहिली रात्रभर चालली, एकही एरर नाही. दुसरी दोन्ही स्लॉटमध्ये लाल. म्हणजे स्लॉट ठीक होता, दुसरी रॅमच गेलेली.

चांगली ४ जीबीची एकच रॅम लावून इन्स्टॉल केलं. विंडोज ११ ला किमान तेवढीच लागते. पहिल्याच फटक्यात शंभर टक्के! पुढे वायफायचा ड्रायव्हर नव्हता, तेव्हा फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंग चालू केलं आणि इंटरनेट मिळालं. नंतर ८ जीबीची नवी डीडीआर४ रॅम आणून लावली.

शेवटी जुनी हार्डडिस्क परत जोडली. काकांनी खुर्ची पुढे ओढून डी ड्राइव्ह उघडला आणि वाडीचे फोटो एकेक करून पाहिले. मी त्याच संध्याकाळी ते पेनड्राइव्हवर आणि क्लाउडवर कॉपी केले.

तुमच्याही घरी असे फोटो एकाच डिस्कवर असतील, तर इन्स्टॉलचं नंतर बघू. आज आधी त्यांची दुसरी कॉपी काढा.