सौंसरला सकाळी, पांढुर्ण्याला दुपारी

सकाळी ६.३०
दर गुरुवारी नागपूरहून निघतो. डिकीत दोन डबे असतात. एकात ऑटोक्लेव्हमधून काढलेली, पाकिटात बंद हत्यारं. दुसऱ्यात तारा, ब्रॅकेट आणि रंगीत रबरी कड्या. सावनेरला रस्ता फुटतो. एक सौंसरवरून छिंदवाड्याला जातो, दुसरा पांढुर्ण्यावरून बैतूलला. जाताना पहिला धरतो, परतताना दुसरा. वार ठरवताना शनिवार मुद्दाम टाळला. त्या दिवशी जामसावळीच्या निजलेल्या हनुमानाला इतकी गर्दी असते, की सौंसरच्या निम्म्या पेशंटांना गाडीत जागा मिळायची नाही.

८.३०, सौंसर
दवाखाना इथल्या दंतवैद्याचा. दात भरणं, काढणं, रूट कॅनाल ही कामं त्यांची. तारांचे पेशंट ते माझ्या दिवसासाठी ठेवतात. आज पहिली आली ती सातवीतली मुलगी. वरचे सुळे उंच चढलेले, समोर दाटी. तारा आजच लावायच्या.

आधी दात घासून स्वच्छ करायचे, कोरडे करायचे, मग फॉस्फोरिक ॲसिडचं निळं जेल अर्धा मिनिट लावून धुवायचं. इनॅमल खडूसारखं पांढुरकं दिसू लागतं आणि त्याच्या सूक्ष्म खड्ड्यांत चिकटद्रव्य शिरून घट्ट बसतं. ही युक्ती १९५५ साली अमेरिकेत ब्युनोकोर यांनी शोधली. त्याआधी प्रत्येक दाताला पत्र्याचं कडं ठोकून बसवावं लागे आणि मुलं हसली की तोंडभर पत्राच दिसे.

पहिली तार निकेल-टायटॅनियमची, अगदी बारीक. वाकडी बसवली तरी ती आपला मूळ आकार विसरत नाही, हळूहळू सरळ होत जाते आणि दातांना सोबत ओढते. हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला. तोंडात यायला १९७० चं दशक उजाडलं.

वडील शेजारी उभे. "जोर किती लागते जी?" एका दाताला साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम. त्यांना खरं वाटेना. एवढ्याशा जोराने हाडातला दात सरकतो? सरकतो, कारण दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचं पातळ अस्तर असतं. दात ज्या बाजूला ढकलला जातो तिथे ते दाबलं जातं आणि शरीर त्या बाजूचं हाड खायला पेशी पाठवतं; मागच्या बाजूला ते ताणलं जातं, तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. वेग महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. जोर वाढवला तर काम लवकर होत नाही, उलट अडतं: अस्तराचा रक्तपुरवठाच थांबतो, मुळं झिजण्याची भीती वाढते. म्हणून "डॉक्टर, जरा कसून बांधा" या फर्माइशीला मी हसून नाही म्हणतो.

आज रात्रीपासून दुखेल, उद्या सगळ्यात जास्त, आठवड्यात थांबेल. तोवर वरण-भात, खिचडी, कढी. लागलीच तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेनने दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो.

११.००
बावीस वर्षांची मुलगी, लग्न ठरलेलं, मुहूर्त तीन महिन्यांवर. तेवढ्यात सरळ होतील का? नाही. दीड-दोन वर्षं लागतात आणि समोरचे दात इतके पुढे असताना जागेसाठी चार उपदाढा, म्हणजे सुळ्यांमागचे छोटे दात, काढावे लागतील. हे ऐकून आई उठूनच उभी राहिली. "काहून काढता चांगले दात? नजर कमजोर नाही होत का?" वरचा दात काढला की डोळा अधू होतो, ही समजूत मी नागपुरातल्या शिकल्या-सवरल्या घरांतही ऐकली आहे. दातांच्या नसा वेगळ्या आणि दृष्टीची नस वेगळी, असं कागदावर चित्र काढून दाखवलं. आईचं समाधान झालं नाही, मुलीचं झालं. लग्नानंतर येते म्हणाली. तारा लावून नवरी होण्यात काहीच गैर नाही, असं मला वाटतं, पण फोटोचा प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नाही.

एका कुटुंबाला खर्च झेपणारा नव्हता. त्यांना नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचं नाव लिहून दिलं. ते १९६८ पासून आहे; तिथे शिकणारे डॉक्टर हात लावतात आणि वर शिक्षकांची नजर असते. फेऱ्या मात्र माराव्या लागतात, आणि सौंसरहून दर महिन्याला एका माणसाची मजुरी बुडणं हाही खर्चच.

१२.३०
पांढुर्ण्याचा रस्ता. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, आंबिया बहाराची फळं अजून हिरवी. जेवणाचा डबा गाडीतच.

२.००, पांढुर्णा
२०२३ मध्ये हा तालुका छिंदवाड्यातून वेगळा निघून जिल्हा झाला. माझ्या कामात फरक एवढाच पडला, की तपासणीच्या कागदावर जिल्ह्याचं नाव खोडून नवीन लिहावं लागलं.

पोळा चार दिवसांवर आहे, त्यामुळे खुर्चीत बसलेल्या प्रत्येक पोराच्या डोक्यात गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात आणि दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड मारतात. दरवर्षी डोकी फुटतात, माणसंही गेली आहेत, आणि दरवर्षी ती होतेच.

सतरा वर्षांचा एक जण सरळ म्हणाला, "तार काढून द्या ना, दोन दिवसांसाठी." नाही काढणार. ज्याचे समोरचे दात पुढे असतात त्याचा ओठ त्यांना झाकत नाही. मार आधी त्यांनाच बसतो. आणि तारा असताना ओठावर दगड बसला तर तो आतून चिरतो. जाऊच नको, हा माझा सल्ला. तो मानेल याची खात्री नसल्याने आईला पुढचंही सांगून ठेवलं: अख्खा दात निखळून पडला तर त्याला मुळाकडून धरायचं नाही, घासायचं नाही, दुधात टाकून तासाभरात डॉक्टरकडे पोचायचं. आई म्हणाली, "याचा बाप बी जाऊन राहायचा." बाप बाहेर बाकावर बसला होता. त्याच्या वरच्या पटाशीचा तुकडा गेलेला मी आधीच पाहिला होता.

४.३०
आता भरभर. तारा बदलणं, कड्या बदलणं. एका मुलाचे रबर खिशातच असतात. दिवसाचे वीस-बावीस तास लावले तर जबडा जुळेल, शाळेत लाजून काढून ठेवले तर नाही. एकाचं ब्रॅकेट फुटाण्याने तुटलं, दुसऱ्याचं उसाने. जांब कापून खाल्ला तर माझी हरकत नाही. तिसरा कॉलेजात जाणारा, ब्रॅकेटभोवती लालसर काळा थर. खर्रा. यावर मी मृदू बोलत नाही. सुपारीने तार वाकते हे दुय्यम. तोंड उघडणं कमी होत गेलं तर माझी पक्कड आत जाणार कुठून? आणि त्यापुढचा आजार तारांनी बरा होत नाही.

शेवटच्या मुलाच्या तारा आज निघाल्या. घरचे पेढे घेऊन आले, त्यांना वाटलं संपलं. मी रिटेनरची डबी पुढे केली. वडील बागायतदार, त्यांना म्हटलं, पावसाळ्यात कुंपणाचा खांब रोवला तर माती बसेपर्यंत टेकू काढता का? नवं हाड पक्कं व्हायला महिने लागतात, हिरड्यांतले तंतू तर वर्षभर मागे ओढत राहतात. पहिलं वर्ष दिवसरात्र, मग रात्री. "किती वर्षं?" दात सरळ हवेत तितकी. पेढा घेतला.

रात्री ९.१५
घरी पोचलो. सौंसरच्या सकाळच्या मुलीचा निरोप: मागची तार गालाला टोचून राहिली. मेणाचा गोळा टोकावर दाबून बसव, कात्रीने कापू नको, उद्या तिथल्या डॉक्टरांना दाखव, असं कळवलं. मिनिटभरात पुढचा प्रश्न: भुट्टा खाऊ का? दाणे सोडवून खा. भाजलेला की उकडलेला? उकडलेला.